गज्जम मॅडमचे रविवार

गज्जम मॅडम वर्गात आल्या की आधी दार ओढून घ्यायच्या, मग व्हरांड्याकडची खिडकी लावायच्या आणि मग पिशवीतून पत्त्यांचे कॅट काढून टेबलावर मांडायच्या. एक नाही, सहा. अकरावीला पहिल्या दिवशी मी हे पाहिलं आणि हबकलेच. आमच्या वस्तीत पत्ते म्हणजे पोलीस, आणि पोलीस म्हणजे दोन दिवस घरात चूल थंड. मी दप्तर उचलून दाराकडे निघाले, तर मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कुठं चाललीस गं? बस की. हे राजाराणीचे नाहीत, जमिनीचे आहेत."

ते पत्ते त्यांनी घरी कापले होते. चादरींच्या गठ्ठ्यात ताठपणासाठी जो पुठ्ठा घालतात, त्याचे. त्यांचे वडील मागावर चादरी विणायचे आणि घरात कापडापेक्षा पुठ्ठाच जास्त उरायचा, असं त्या सांगत. प्रत्येक पत्त्यावर हिरव्या स्केचपेनाने एकेक गोष्ट लिहिलेली. सोलापुरातल्या सात रस्त्याच्या कोपऱ्यावरचा गाळा. उजनीच्या पाण्यालगतचं केळीचं रान. पंढरपुरात देवळामागची लॉजची खोली. शिवाय रस्ता रुंदीकरण, शाळेचं आरक्षण, पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी, पुतण्याची हरकत. पत्ते पिसायचे, वाटायचे आणि मग घ्यायचं, विकायचं, अडवायचं, वाट बघायची. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी, पुरवठा आणि खंड असे तीन धडे होते. मॅडमनी ते कधी वाचून दाखवल्याचं मला आठवत नाही.

खेळता खेळता त्या बाकांमधून फिरत आणि ज्याला फटका बसला असेल त्याच्या मागे थांबत. लॉजची खोली वाटेल त्या भावाने घेणाऱ्या पोराला म्हणायच्या, "आषाढीचे चार दिवस धरून वर्षाचं भाडं काढलंस व्हय? उरलेल्या दिवसांत तिथं कोण, उंदीर झोपणार?" कुणी घाईने विकलं की, "मातीला भाव नसतो रे, घाईला असतो. ज्याला घाई, त्याचा तोटा." आणि कुणी नुसतेच पत्ते छातीशी धरून बसला की, "तुझा पत्ता नको बघू. समोरच्याचं तोंड बघ. त्याला कशाची गरज आहे ते तिथं लिहिलेलं असतं." तेलुगू माणसाच्या मराठीत एक हेल असतो, शेवटचा शब्द जरा ओढायचा. त्या हेलात ही वाक्यं ऐकली की अपमानसुद्धा गोड लागायचा.

एकदा कुणीतरी चुगली केली आणि प्राचार्य दार उघडून आत आले. "कॉलेजात जुगार?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बसा सर. एक डाव खेळा, मग निलंबित करा." प्राचार्य बसले. त्यांनी मोठ्या रुबाबात होटगी रोडचा मोक्याचा तुकडा घेतला, आणि पुढच्याच हाताला त्यावर आरक्षण पडलं. ते पत्ता उलटापालटा करून बघू लागले. मग कळलं की दोन वर्षांपूर्वी त्यांनी खरोखरच असा एक प्लॉट घेऊन ठेवला होता. खेळावर कधी बंदी आली नाही.

त्या कॅटमध्ये एक पत्ता होता, 'बहिणीची सही'. त्याला स्वतःची किंमत नाही, पण वडिलोपार्जित मिळकत विकायची तर तो टाकल्याशिवाय व्यवहार होत नाही. दर वर्षी तेच घडायचं. ज्याच्याकडे हा पत्ता जाईल तो पहिल्या दोन हातांतच देऊन टाकायचा. मुलगे एखाद्या रस्त्याच्या पत्त्याच्या बदल्यात देत. मुली शेजारणीला फुकट देत, मैत्रीण म्हणून. मॅडम फळ्यावर फुकट देणाऱ्यांची नावं लिहायच्या, जवळजवळ सगळी मुलींचीच. "फुकट दिलं म्हणून वस्तूची किंमत संपत नाही. ती दुसऱ्याच्या खिशात जाते, एवढंच." मी मात्र तो पत्ता शेवटपर्यंत धरून बसले आणि सगळा वर्ग जिंकले. आमच्या घराण्यात सातबारा नावाचा कागद कुणी पाहिलेला नव्हता, वडील रेल्वेच्या यार्डात हमाल. कदाचित म्हणूनच मला काही सोडून द्यायची सवय नव्हती. जिंकले आणि चढलेच. मॅडमनी प्रश्न टाकला की उत्तर माझंच, हात वर करायचीही वाट न बघता. त्या वैतागून म्हणायच्या, "वाघमारे, उत्तर येतंय म्हणून द्यायलाच पाहिजे असं नाही गं."

कॉलेज संपलं आणि मी सात रस्त्याजवळ एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगला लागले. खरेदीखत, भाडेकरार, मृत्युपत्र आणि सगळ्यात जास्त हक्कसोडपत्रं. भाऊ पुढे, बहिणी मागे, आणि बहिणींच्या अंगावर नव्या साड्या. त्यांच्या सह्या होईपर्यंत भाऊ त्यांना सरबत आणून देत. आठ वर्षांत मी इतकी हक्कसोडपत्रं टाईप केली की मजकूर बोटांना पाठ झाला होता. 'मी माझा हक्क, हिस्सा, हितसंबंध स्वखुशीने व कोणताही मोबदला न घेता सोडून देत आहे.' स्वखुशीने हा शब्द टाईप करताना मला दर वेळी मॅडमचा फळा आठवायचा.

मॅडम त्याच काळात निवृत्त झाल्या. नवऱ्याने त्यांना लग्नानंतर तीन वर्षांतच माहेरी आणून सोडलं होतं, मूलबाळ नाही. शहराच्या पूर्व भागातल्या वडिलांच्या घरात वरच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. खालच्या दोन खोल्यांत आई असे. धाकटा भाऊ श्रीनिवास पुण्याला. त्याला त्यांनीच शिकवलं होतं, फी भरण्यापासून चपला घेण्यापर्यंत. मी महिन्यातून एकदा जायची. त्या चहा करायच्या आणि कॅट काढायच्या. दोघींतच डाव, आणि दर वेळी त्या जिंकायच्या. पुढे मूत्रपिंडं गेली आणि सोमवार-गुरुवार डायलिसिस सुरू झालं. त्याच वर्षी आई वारली.

आईचे दिवस झाल्यावर महिन्याभराने एके सकाळी ऑफिसचं दार ढकलून श्रीनिवास आत आला आणि त्याच्यामागे गज्जम मॅडम. अंगावर नवी साडी. श्रीनिवास वकीलसाहेबांना सांगत होता, घर एकाच्या नावावर झालं की बिल्डरशी बोलता येईल, नव्या इमारतीत अक्काची एक खोली राहीलच. खोलीचं कागदावर घ्यायचं का, असं साहेबांनी विचारलं. "भावाबहिणीत कशाला कागद?" तो म्हणाला.

तो झेरॉक्सला गेला तेव्हा मी त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन बसले. "मॅडम, हे तुम्ही करताय? तुम्ही?"

"कर की टाईप."

"तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, फुकट दिलेली वस्तू कुठं जाते ते?"

"शिकवलं." त्या पदराच्या काठाशी चाळा करत होत्या. "तो परवा म्हणाला, अक्का, सही देत नसशील तर आजपासून तू मला मेलीस. वर्गात असलं वाक्य कुणी बोललं नव्हतं बघ. त्याच्यावर काय टाकायचं, मला सुचलं नाही."

मला राग आला, त्यांचा, त्याचा आणि माझ्या नोकरीचा. त्या रागात मी दस्त टाईप केला. मॅडमनी सही करण्यापूर्वी चष्मा पुसून प्रत्येक ओळ वाचली. मिळकतीच्या वर्णनापाशी त्या जरा थांबल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं, पुढे वाचलं आणि सही केली. दुपारी निबंधकांच्या ऑफिसात फोटो झाला, अंगठा झाला. श्रीनिवासने त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि तो पुण्याच्या गाडीला गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. राखी पौर्णिमेला पूर्व भागात देवाचा रथ निघतो, कुठं कुठं गेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात. मॅडमनी चिंचेचं सार केलं, भात केला, राखी ताटात ठेवली. श्रीनिवासने फोनवर चेहरा दाखवला. "या वर्षी नाही जमत अक्का, इथूनच ओवाळ." त्यांनी मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला आणि त्याला ओवाळलं. मी तिथे होते. ओवाळून होईपर्यंत त्याने फोन ठेवलाही होता. ताटातली राखी त्यांनी दाराच्या कडीला बांधली आणि मला जेवायला वाढलं.

दिवाळीच्या सुमाराला बिल्डरच्या वकिलाने कागद तपासले आणि घोटाळा बाहेर आला. हक्कसोडपत्रात सिटी सर्व्हे नंबरचे दोन आकडे उलटे पडले होते. मॅडमनी ज्या घरावरचा हक्क सोडला होता ते घर दुसऱ्याच कुणाचं होतं. चूक माझी. साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं आणि ते बरोबरच होतं. आता चूकदुरुस्तीपत्र करायचं तर मॅडमना पुन्हा निबंधकांकडे जाऊन सही-अंगठा द्यावा लागणार होता. मी माफी मागायला गेले, तर त्या हसायलाच लागल्या.

"मला तेव्हाच दिसलं होतं. ज्या घरात जन्मले त्याचा नंबर मला माहीत नसेल होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बघू. सही मिळाल्यावर येतो का ते बघू." हसू ओसरलं. "बघितलं."

पुढच्या रविवारी श्रीनिवास हजर. सोबत केळी, पेढे आणि बायकोने दिलेली शाल. दुरुस्तीचा कागद खिशात. मॅडम म्हणाल्या, "करू की. पण सोमवारी माझं डायलिसिस, मंगळवारी उठवत नाही." त्याच्या पुढच्या रविवारी अमावास्या निघाली. मग हाताला सुया टोचून अंगठा सुजला होता, तो मशीनवर उमटणार नाही. मग पौष लागला. श्रीनिवास दर रविवारी यायचा, कारण दर रविवारी त्याला वाटायचं, आज मनवतो. त्याने नळ दुरुस्त केला. ट्यूबलाईट बदलली. एकदा मुलीला घेऊन आला, ती आत्याच्या मांडीवर झोपली. एकदा तर दोघं भाऊबहीण पत्ते खेळत बसलेले मला दिसले आणि मॅडम हरत होत्या, जाणूनबुजून, अगदी ढळढळीत.

मी जिन्यात त्यांना गाठून म्हटलं, "मॅडम, मोठा भाव मिळेल आता. त्याला अर्धा हिस्सा मागा. लिहून घ्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात चुकीचं उत्तर दिलंय. "कसला भाव गं? हिस्सा घेतला की तो जाईल. सही दिली की तो जाईल. अडलंय तोवर येतोय. येऊ दे की." मग हळू आवाजात, "मला किती रविवार आहेत ते डॉक्टरनं सांगितलंय. फार लांबवायचं नाहीये मला."

पाच महिने हे चाललं. मी मॅडमना इतकं टवटवीत कधी पाहिलं नव्हतं. शनिवारीच त्या चिंच भिजत घालायच्या, केसांना तेल लावायच्या, आणि सोमवारी डायलिसिसच्या खुर्चीवर शेजारच्या पेशंटला सांगायच्या, "काल भाऊ आला होता माझा."

मार्चमध्ये एका दुपारी श्रीनिवास एकटाच ऑफिसात आला. साहेब कोर्टात होते. तो दमलेला दिसत होता, शर्टाला घाम. मला म्हणाला, "ताई, एक विचारू? अक्काची तब्येत बघता... समजा, दुरुस्ती व्हायच्या आधीच तिचं काही बरंवाईट झालं, तर माझं सगळंच अडकणार ना?"

आणि मी उत्तर दिलं. त्याला दुखवायला नाही, त्याला मदत करायलाही नाही. उत्तर येत होतं म्हणून दिलं. "काही अडकत नाही. त्यांना मूलबाळ नाही, मिळकत वडिलांकडून आलेली. अशी मिळकत परत वडिलांच्याच वारसांकडे जाते. म्हणजे तुमच्याकडे. मृत्युपत्र नसलं म्हणजे झालं."

"नाहीये," तो म्हणाला. "म्हणजे सहीची गरजच नाही?"

तेव्हा मी जीभ चावली. तो उठला, आभार मानले, पाणी पिऊन गेला.

त्या रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. फोन केला की म्हणायचा, ऑफिसात काम आहे अक्का, तू तब्येत सांभाळ, कागदाची घाई करू नको. 'घाई करू नको' हे मॅडमनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कोरडा होता. मृत्युपत्र केलंत तर तो दुसऱ्या दिवशी पळत येईल, एवढं एक वाक्य मला सांगता आलं असतं. पण ते सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं. माझी हिंमत झाली नाही. आजही या एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

एप्रिलच्या उन्हात त्यांना उठवेना. खोलीवरचा पत्रा तापायचा, मी ओल्या चादरी खिडकीला लावायची. रविवार होता. त्यांनी मला उशीखालचा कंगवा मागितला, केस विंचरायला लावले आणि दाराकडे तोंड करून पडल्या. बारा वाजले, दोन वाजले. सार गरम करायला मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "नको करू. निवलेलंच बरं." मग म्हणाल्या, "मला तो नियम माहीत होता. मूल नाही, मग परत बापाकडे. श्रीनूला माहीत नव्हता. कुणीतरी सांगितला वाटतं."

मी ओली चादर पिळत होते.

"वाघमारे, तू तर नाही ना सांगितलास?"

"नाही मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाल्यासारखा वाटला मला, किंवा तसा मला वाटून घ्यायचा होता. "मग खरंच काम असेल त्याला," त्या म्हणाल्या. "मार्च एंडिंगचं उरलंसुरलं असतं की एप्रिलमध्ये."

गुरुवारी डायलिसिस चालू असतानाच त्या गेल्या. मी श्रीनिवासला फोन केला. चार तासांत तो सोलापुरात होता. खरं सांगते, तो ढसाढसा रडला. तिनं मला पायांवर उभं केलं, तिनं माझ्या चपला घेतल्या, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. खांदा त्याने दिला, तोंडात पाणी त्याने घातलं, दिवस त्याने केले, काही कमी पडू दिलं नाही. आमच्या बॅचची चाळीस-पन्नास पोरं आली होती. त्यातले काही आता जमिनीचे मोठे एजंट झालेत. स्मशानाच्या फाटकाशी ते आसपासच्या जागांचे भाव बोलत उभे होते.

चौदाव्या दिवशी श्रीनिवास ऑफिसात आला. वारस नोंदीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र करायचं होतं. डोक्यावर केस नव्हते, डोळे सुजलेले. मी टाईप केलं, त्याला वाचून दाखवलं. 'मयत गज्जम यांना अपत्य नाही' या ओळीला त्याने मान हलवली. सही करायला पेन मागितलं, पण सही करण्याआधी ते खाली ठेवलं.

"ताई, तुमचे उपकार आहेत," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. नाहीतर मी अक्काला तसल्या अवस्थेत निबंधकाच्या जिन्यावरून वर नेलं असतं. माझ्या मनातून ते सहीचं निघालं आणि तिला शेवटी शेवटी शांतता मिळाली."

त्याने मला हात जोडले. तो अगदी मनापासून बोलत होता. मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि सही कुठं करायची ते बोटाने दाखवलं.